मृतांच्या प्रार्थनेतले एक नाव

रबराच्या झाडाला पहाटेच्या गारव्यातच छेद द्यावा लागतो; ऊन चढले की चीक आटतो. म्हणून चर्चची पहिली घंटा होण्याआधीच एलिकुट्टी उठत असे. कपाळाला दिवा बांधून, डोक्याला जुना पंचा गुंडाळून ती घरामागच्या उतारावर जाई. खाचेत वाळून चिकटलेली परवाच्या चिकाची पट्टी ओढून काढायची, वाकड्या पात्याच्या सुरीने सालीचा कागदाइतका पातळ पापुद्रा उतरवायचा, आणि खाली बांधलेल्या करवंटीत पहिला पांढरा थेंब पडलेला पाहून मगच पुढच्या झाडाकडे वळायचे. सुरी खोल गेली तर झाड जायबंदी होते, वरवर फिरली तर चीक उतरत नाही. हे काम तिला नवऱ्याने शिकवले नव्हते. तो असेपर्यंत ते त्याचेच होते. ईस्टरनंतरच्या आठवड्यात याच उतारावर तो एका झाडाला टेकून बसलेला सापडला. उजाडून बराच वेळ झाला होता, तरी त्याच्या कपाळावरचा दिवा जळत होता. एकेचाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, नातेवाईक आपापल्या गावी परतले, आणि त्यानंतर एलिकुट्टीने सुरी हातात घेतली. सुरुवातीला तिने बरीच झाडे दुखावली. आता डिसेंबर लागेपर्यंत तिचा हात बसला होता.

झाडे आटोपून ती घरी आली तेव्हा तिची मुलगी जिन्सी शाळेसाठी वेणीला रिबीन बांधत होती आणि अम्मच्ची, म्हणजे एलिकुट्टीची सासू, ओसरीतल्या खुर्चीत येऊन बसली होती. पांढरा चट्टा म्हणजे सैलसर पोलके, कमरेला पांढरे मुंड, कानात जुन्या वळणाच्या जाड कुड्या. स्मरणशक्ती गेली तरी कपडे नेसण्यात अम्मच्चीची चूक होत नसे. एलिकुट्टीने तिच्या हातात काळ्या कॉफीचा पेला दिला.

“दूध नाही घातलंस?” अम्मच्चीने विचारले.

“नाताळचा उपास चाललाय ना, अम्मच्ची.”

“ते तू मला सांगणार? तुझी परीक्षा घेत होते.” आणि तिने समाधानाने घोट घेतला. खालच्या वाटेवरून मासेवाला भोंगा वाजवत गेला, तेव्हा ती उगाचच मोठ्याने म्हणाली, की उपासाच्या दिवसांत या गावात कुणाच्या घरी मासे शिजतात ते तिला वासावरून कळते, आणि त्या घरांची नावेही ती सांगू शकते. जिन्सी हसली. नावे मात्र अम्मच्चीला आठवली नाहीत.

मग तिने पेला मांडीवर ठेवला. ती म्हणाली, “छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय. काल काय झालं गं?”

“काही नाही झालं.”

“झालंय. मला सांगत नाही तुम्ही. मी रडलेय, डोळे बघ माझे.” तिने बोटांनी पापण्या चाचपल्या. “बरं, देवस्याचं काय? नाताळला येतोय ना मस्कतहून?”

एलिकुट्टीने रिकामा पेला उचलला, आणि करवंट्या भरल्या असतील, चीक गोळा करायला जाते, एवढेच बोलून ती आत गेली.

या घरात संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नव्हती. पुराच्या वर्षी अंगणात पाणी शिरले तेव्हा सगळ्यांनी माळ्यावर बसून ती म्हटली होती. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे दिवा लावायचा, चटई अंथरायची, जपमाळ संपवायची, मग एकेका हेतूसाठी एकेक ‘आमच्या स्वर्गीय बापा’ आणि ‘नमो मारिया’. आधी आजाऱ्यांसाठी, मग दूर परदेशी असलेल्यांसाठी, शेवटी या घरातून देवाघरी गेलेल्यांसाठी. देवस्या मस्कतला ट्रक चालवीत होता त्या सगळ्या वर्षांत प्रार्थना अम्मच्ची सांगत असे, आणि परदेशी असलेल्यांच्या प्रार्थनेत ‘आमचा देवस्या’ म्हणताना तिचा आवाज किंचित चढे, जणू समुद्रापलीकडे पोहोचला पाहिजे. तो कायमचा परत आला, आणि त्याच सुमारास अम्मच्चीचे धागे सुटू लागले. मध्येच ती अडखळू लागली, कोणत्या संताचे नाव घेतले आणि कोणत्याचे राहिले हे तिला कळेनासे झाले. तेव्हापासून प्रार्थना एलिकुट्टी सांगू लागली.

एलिकुट्टीने नवऱ्याला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती. तिच्या वयाच्या बायका तसे करीत नसत. तो ‘जिन्सीचे अप्पा’ होता, किंवा नुसताच ‘ते’. देवापुढे मात्र असे चालत नाही; तिथे नावच घ्यावे लागते. त्यामुळे तो गेल्यावर, मृतांच्या प्रार्थनेत, सासऱ्यांच्या नावानंतर, तिने पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने मोठ्याने ‘देवस्या’ म्हटले. ते नाव तिला जिभेवर परके वाटले होते. नंतर दिवसभरात ती त्या एका उच्चाराची वाट पाहू लागली.

आणि त्याच उच्चाराशी रोज अम्मच्चीचे डोळे उघडत.

“कुठला देवस्या?” ती विचारी.

सांगावे लागे. पहिल्यांदा कुर्याच्चनने सांगितले होते, एलिकुट्टीच्या थोरल्या दिराने; त्याला ती इच्चायन म्हणे. तो तालुक्याच्या गावी राहत असे आणि दर रविवारी आईला भेटायला येई. नंतर ते काम एलिकुट्टीवरच आले. आपला देवस्या, अम्मच्ची; ईस्टरनंतर गेला. मग त्या म्हातारीचा चेहरा जसा पहिल्या दिवशी कोसळला होता तसाच रोज कोसळे. तिला रोज तीच बातमी पहिल्यांदा कळत होती. ती छाती पिटून घेई, मला का नाही सांगितलंत म्हणून विचारी, त्याने शेवटी काही खाल्ले होते का म्हणून विचारी. एलिकुट्टी तिला कवेत घेऊन चटईवर बसून राही, आणि दोघी रडत. सकाळी अम्मच्चीला त्यातले काही आठवत नसे. दुःख मात्र तिच्यात उरलेले असे, कारणावाचून, छातीवरच्या पाट्यासारखे.

उपास लागल्यापासून अम्मच्चीने रात्रीची पेज टाकायला सुरुवात केली होती. चट्ट्याची बाही दंडावर लोंबू लागली. जिन्सी पंधरा वर्षांची होती आणि तिला गोष्टी सरळ दिसत. अप्पांचे नाव तिथे घेऊ नये, किंवा आजीपुरते परदेशी असलेल्यांत घ्यावे, असे तिने आईला एकदा नव्हे, दोनदा सुचवले. एलिकुट्टीने तिला झिडकारले. नाव गाळले तर त्यांच्यासाठी मागणार कोण? माणूस मेला म्हणजे सुटला असे नाही. त्याचा आत्मा शुद्धीस्थानात घरच्यांच्या प्रार्थनेची वाट पाहत असतो, हे ती लहानपणापासून शिकली होती. त्यातून हा त्यांच्यामागचा पहिलाच नाताळ. नाताळच्या प्रार्थनेने सर्वांत जास्त आत्मे सुटतात असे जुनी माणसे सांगत आली होती, आणि एलिकुट्टीचा त्यावर विश्वास होता.

कुर्याच्चननेही तेच म्हटले, फक्त अधिक नेटकेपणाने. त्याने अनेक वर्षे चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले होते. “प्रार्थना देवाशी असते, अम्मच्चीशी नाही,” तो म्हणाला. “तिथं खोटं घातलं तर मग उरलं काय?” पण तो कठोर माणूस नव्हता. त्याने उपाय सुचवला, की अम्मच्चीला प्रार्थनेआधीच जेवू घालून निजवावे. तो उपाय त्यांनी केला. जपमाळेचे शब्द भिंतीपलीकडून ऐकू येताच अम्मच्ची भिंतीला धरून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. आपण असा काय गुन्हा केला, की आपल्याला प्रार्थनेला बोलावले नाही, असे तिने विचारले. या घरात आजाऱ्यालासुद्धा खाटेसकट उचलून आणतात. त्या दिवशी ती नाव ऐकण्याआधीच रडली, आणि ऐकल्यावर पुन्हा.

मग उपासाच्या तिसऱ्या आठवड्यातली ती संध्याकाळ आली.

अम्मच्चीला दिवसभर खोकला होता आणि औषधाने तिला गुंगी आली होती. जपमाळ चालू असतानाच तिची मान कलली. बोटे तेवढी सवयीने मणी सरकवीत राहिली. एलिकुट्टीने आजाऱ्यांसाठी मागितले, परदेशी असलेल्यांसाठी मागितले, मग मृतांची नावे घेतली. “आमचे अप्पच्चन मात्यू, आणि देवस्या.” नावानंतर ती रोजच्यासारखी थांबली. प्रश्न आला नाही. अम्मच्चीच्या पापण्या मिटलेल्या होत्या, तोंड किंचित उघडे होते, चेहऱ्यावर काहीच नव्हते. पुढची ओळ सुरू करायची होती. जिन्सी आईच्या तोंडाकडे पाहत होती.

“आणि आमचा देवस्या,” एलिकुट्टी पुन्हा म्हणाली. या वेळी मोठ्याने.

अम्मच्चीने डोळे उघडले. “कुठला देवस्या?”

भांडी घासायच्या वेळी जिन्सी मागच्या दारी येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर एलिकुट्टीला सोपे गेले असते.

“अम्मा, तिनं ऐकलं नव्हतं.”

“हो.”

“तरी तू पुन्हा म्हणालीस.”

एलिकुट्टी राखेचा हात भांड्यावर फिरवत राहिली. उत्तर तिच्याजवळ होते, पण ते मुलीला सांगण्यासारखे नव्हते. एकेचाळिसाव्या दिवसानंतर जगाचे रडणे संपले होते. शेजारणी आता रबराच्या भावाचे बोलत, कुर्याच्चन आपल्या गुडघ्याचे बोले, जिन्सीच्या परीक्षा होत्या. कुणी कठोर झाले नव्हते; जे व्हायचे तेच झाले होते. या साऱ्या गावात एकच माणूस असे उरले होते की ज्याच्यासाठी देवस्या आजच गेलेला असे, आणि ज्याच्या गळ्यात पडून तिलाही तो आजच गेल्यासारखा रडता येई. ती दिवसभर ज्याची वाट पाहत होती ते नुसते नाव नव्हते. त्या नावानंतर येणारा प्रश्न होता. सोबतीसाठी ती एका म्हातारीला रोज नव्याने पुत्रशोक देत होती, आणि आपण नवऱ्याच्या आत्म्यासाठी मागतो आहोत असे स्वतःला सांगत होती.

“जा, अभ्यास कर,” ती म्हणाली. जिन्सी गेली.

नाताळच्या आधीच्या शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडच्या फादरांना तिने हे सारे सांगितले. आडवळण न घेता, पण जिथे जड गेले तिथे थांबत. फादर तरुण होते, नुकतेच या चर्चवर आलेले. मग त्यांनी तिला दिलासा द्यायचा प्रयत्न केला. स्वर्ग हाही दूरचाच देश आहे, ते म्हणाले; देवस्याला दूरदेशी गेलेल्यांत घातले तर त्यात असत्य कुठे येते? एलिकुट्टीने मान डोलावली आणि प्रायश्चित्ताच्या प्रार्थना म्हणून ती बाहेर आली. त्यांचा हेतू चांगला होता हे तिला कळत होते. पण ती पळवाट तिला आवडली नाही. अम्मच्ची दूर म्हणजे मस्कत समजणार, आणि तिने तसेच समजावे म्हणूनच ते म्हणायचे. ते खोटे होते. म्हणायचे तर खोटे म्हणूनच म्हणायचे, आणि त्याचा भार दुसऱ्या कुणावर टाकायचा नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी कुर्याच्चन आला. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी गेली होती, म्हणून तो एकटाच होता. अंगणात जिन्सीने सुक्या गवताची झोपडी करून गोठा मांडला होता आणि आंब्याच्या फांदीला कागदी तारा टांगला होता. अम्मच्ची मेंढरांची जागा पुन्हा पुन्हा बदलत होती आणि नातीला बोलत होती, की अशी मेंढरं सांभाळणारीला कुणी नवरा मिळणार नाही. कुर्याच्चनने आईचे मनगट हातात घेतले आणि ते किती बारीक झाले आहे हे पाहून सोडून दिले.

स्वयंपाकघरात एलिकुट्टी उद्याच्या अप्पमचे पीठ फेटत होती. तो दाराशी स्टूल ओढून बसला. तिने त्याला आपण काय ठरवले ते सांगितले. त्या तिसऱ्या आठवड्यातल्या संध्याकाळचेही सांगितले, कारण ते लपवून नुसता निर्णय सांगणे तिला अप्रामाणिक वाटले.

कुर्याच्चन ऐकत राहिला. मग हळू म्हणाला, “एलिकुट्टी, तो माझा धाकटा भाऊ. शाळेत त्याला मी हात धरून नेलंय. मी तिकडे घरी असतो तेव्हा मला वाटतं तो इथं आहे. इथं येऊन ते नाव मेलेल्यांत ऐकलं की मला पटतं. तेवढंही काढून घेणार तू?”

तिने हात थांबवले. हे त्याने पूर्वी कधी सांगितले नव्हते.

“इच्चायन, ते तुम्ही तुमच्या घरी म्हणा. रोज म्हणा. मीही म्हणेन, एकटी. पण तिच्यासमोर नाही.”

“आणि देवासमोर खोटं?”

“ते माझ्या नावावर.”

“आज नाताळची संध्याकाळ आहे, मुली. निदान आज तरी त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून मागू दे. उद्यापासून बदल.”

तिने याचा विचार केला नव्हता असे नाही. चार दिवस ती दुसरे काही करीत नव्हती. घरातल्या सगळ्यांच्या तोंडून एकत्र उठलेल्या प्रार्थनेचे बळ एकटीने पुटपुटलेल्या शब्दांना येत नाही, असेच ती मानत आली होती. आज गाळले तर त्याचे काहीतरी खरोखरच बुडणार होते. पण उद्या पहाटे चर्चमध्ये मिस्सा होती, मग उपास सोडायचा होता, आणि त्या पानावर एका म्हातारीला कारण न कळणारे दुःख घेऊन बसावे लागणार होते.

“आज म्हटलं तर उद्याही म्हणेन,” ती म्हणाली. “मी ओळखते मला.”

कुर्याच्चन उठला आणि अंगणात आईजवळ जाऊन बसला.

दिवेलागण झाली. जिन्सीने चटई अंथरली आणि तसबिरीपुढचा दिवा लावला. कुर्याच्चन गुडघ्याच्या दुखण्यामुळे भिंतीशी स्टुलावर बसला. अम्मच्ची मात्र कुणाचे न ऐकता चटईवर गुडघे टेकून बसली. बाहेर रस्त्यावरून नाताळची गाणी म्हणणाऱ्या मुलांचा ताफा ढोल वाजवत जात होता. तो वळणाआड जाईपर्यंत एलिकुट्टी थांबली, आणि मग तिने क्रुसाची खूण केली.

जपमाळ नेहमीसारखीच झाली. अम्मच्ची उत्तरे देत होती, दहा मण्यांचे एखादे दशक चुकून दुसऱ्यांदा सुरू करीत होती, आणि जिन्सी तिला हलकेच पुढे नेत होती. आजाऱ्यांची प्रार्थना झाली. एलिकुट्टीने ओठ ओले केले.

“आता जे घरापासून दूर, परदेशी आहेत त्यांच्यासाठी,” ती म्हणाली. “आणि आमच्या देवस्यासाठी.”

अम्मच्चीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते, आनंदही नव्हता. नाव जिथे असायला हवे तिथे ते सापडले, एवढेच. “त्याला म्हणावं, वेळेवर जेवत जा,” ती मध्येच म्हणाली, आणि सर्वांच्या आधी, वर्षांपूर्वीच्या त्या चढ्या आवाजात तिने ‘आमच्या स्वर्गीय बापा’ला सुरुवात केली. जिन्सीने तिच्या आवाजात आवाज मिळवला. अर्ध्यावर कुर्याच्चनचाही आवाज आला, घोगरा, पण आला.

मग मृतांसाठी. एलिकुट्टीने तसबिरीवरून नजर काढून चटईच्या विणीकडे लावली.

“या घरातून देवाघरी गेलेले आमचे अप्पच्चन मात्यू,” ती म्हणाली. त्यापुढे एका नावाची जागा होती. ती तिने तशीच ओलांडली. “आणि सर्व विश्वासू मृतजन.”

अम्मच्ची डोळे मिटून, शांतपणे, शेवटच्या शब्दापर्यंत उत्तर देत गेली. प्रार्थना संपल्यावर जिन्सीने रिवाजाप्रमाणे आधी आजीला, मग पेरप्पनला, म्हणजे थोरल्या काकाला, मग आईला हात जोडून ‘प्रभू येशूची स्तुती असो’ असे अभिवादन केले. एलिकुट्टीने सासूला केले, आणि मग थोरल्या दिरापुढे हात जोडले. तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला.

“आता आणि सदासर्वकाळ,” त्याने ठरलेले उत्तर दिले.

अम्मच्चीने पेज मागितली. एलिकुट्टीने ती वाढून आणली, शेजारी मुगाची उसळ ठेवली, आणि म्हातारी सावकाश जेवत असेपर्यंत ती भिंतीला पाठ लावून तिच्याजवळ बसून राहिली. रडावेसे वाटले तेव्हा ती उठून पाण्याचा तांब्या आणायला गेली, आणि तोंड धुऊन परत आली.